गाऊन ओढणारी

जेमा ओल्ड्रॉइडला गप्प बसायला शिकवण्यासाठी लंडनमधल्या वकिलांच्या चेंबरने एक वर्ष काढून ठेवलं होतं, आणि त्यातल्या दहा महिन्यांत ती बऱ्यापैकी शिकलीही होती.

शिकाऊ बॅरिस्टरचं कामच ते. मोठ्या वकिलाच्या मागच्या बाकावर बसायचं, साक्षीतला शब्द न् शब्द निळ्या वहीत उतरवायचा, त्याच्या फायलींची बॅग ओढायची आणि त्याच्या विनोदांना हसायचं. वर्ष संपत आलं की चेंबरमधले पन्नासेक वकील एका संध्याकाळी शेरीचे पेले घेऊन जमतात आणि ही पोर आपल्यात शोभेल का ते ठरवतात. कायदा किती येतो हे कुणी फारसं विचारत नाही. तो पुस्तकात असतोच. शोभण्याचं पुस्तक मात्र कुठे मिळत नाही, ते जन्मासोबत मिळावं लागतं.

जेमाला मिळालं नव्हतं. ती यॉर्कशरमधल्या बॅटली गावची. बाप लवकर गेला. आई पॉलीन बावीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवायची, अंघोळ घालायची, खायला घालायची. रविवारी चॅपलमध्ये जायची आणि तिथेही म्हातारीकोतारी तिच्याच बाकावर येऊन बसायची. जेमा आधी विमा कंपनीत फोन उचलत होती. कायदा शिकली तो संध्याकाळच्या वर्गांत. डोक्यावरचा घोड्याच्या केसांचा टोप तिने एका मेलेल्या वकिलाच्या बायकोकडून घेतला होता. पहिल्या दिवशी तो पाहून ऑब्री पेनरडॉक म्हणाले होते, "वा! कोण वारलं?"

हे पेनरडॉक म्हणजे तिचे गुरू. राजाचे वकील, म्हणजे साध्या सुती गाऊनऐवजी रेशमी गाऊन घालायचा मान मिळालेले. आवाज असा, की हवामानाचा अंदाज सांगितला तरी ऐकणाऱ्याला आपल्या पापांची आठवण व्हावी. या आवाजाच्या जिवावर माणसाने तीस वर्षं काढली होती. कागद वाचायचे ते टॅक्सीत, आणि टॅक्सी फार लांबून येत नसे. जेमाला ते कधी 'मिस ओल्डरिज' म्हणत, कधी 'मिस ओकरॉइड'. तिने दोनदा दुरुस्त केलं आणि सोडून दिलं.

कोर्टात मागच्या बाकावरून काही सांगायचं असेल तर पिवळी चिठ्ठी पुढे सरकवायची असते. जेमा सरकवायची. पेनरडॉक ती न वाचता दोन बोटांनी घेत आणि पाण्याच्या पेल्याखाली ठेवत. टेबलाला डाग पडू नये म्हणून.

त्यांच्या मागे बसूनच तिला पहिला खुनाचा खटला मिळाला. ओल्ड बेली हे लंडनचं मोठं फौजदारी न्यायालय, कोर्ट नंबर नऊ. आरोपी एफुआ बोआतेंग, वय सेहेचाळीस, घानाहून आलेली. काम जेमाच्या आईचंच, घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल. लंडनच्या लेटन भागात हॅरल्ड स्परलिंग नावाचे ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ एकटे राहत. एफुआ रोज सकाळी सात ते साडेसात त्यांच्याकडे. एका मंगळवारी आठ वाजता शेजारणीने दार ढकललं, तर म्हातारबा स्वयंपाकघरात पडलेले, डोकं फुटलेलं. बाजूला दाराला अडसर म्हणून लावायचा लोखंडी ठोकळा. ठोकळ्यावर एफुआच्या बोटांचे ठसे. सात वीसला शेजारणीने आरडाओरडा आणि धप्प असा आवाज ऐकला होता. तिची रेडिओवरची प्रार्थना नुकती संपली होती, म्हणून वेळ पक्की.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोड. एजन्सीने प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरात कपाटाच्या आतल्या बाजूला एक क्यूआर कोड चिकटवलेला असतो. आल्यावर फोनने तो टिपायचा, निघताना पुन्हा टिपायचा. एफुआच्या फोनवरून सहा एकोणसाठला 'आली' आणि सात एकोणतीसला 'निघाली' अशी नोंद. पोलिसांना तिने तेच सांगितलं, साडेसातपर्यंत मी तिथेच होते. ओरडा? नाही ऐकला. झालं, बाईने आपल्याच हाताने आपल्याला कोंडून घेतलं. म्हाताऱ्याचा पुतण्या कीथ साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन, बायकोच्या आठवणीची अंगठी या बाईने चोरल्याचं काका म्हणायचे असं सांगून गेला. रडला छान. टायसुद्धा नवा होता.

पेनरडॉकना गुरुवारी स्कॉटलंडला सॅमन मासे पकडायला जायचं होतं. त्यांच्या मते हा खटला बुधवारी संपणं सगळ्यांच्याच हिताचं होतं.

"सदोष मनुष्यवध कबूल करून टाकावा," ते सोमवारी सकाळी टोप घालता घालता म्हणाले. "थकलेली बाई, खाष्ट म्हातारा, क्षणाचा राग. न्यायाधीशबाईंच्या डोळ्यांत मी पाणी आणीन. सात-आठ वर्षं. नाहीतर जन्मठेप."

"पण तिने मारलं नाही असं ती म्हणते, सर."

"सगळेच म्हणतात, मिस ओल्डरिज. नाही म्हणण्यावर तर आपलं जेवण चालतं."

मुद्दा असा होता की जेमाने शनिवार-रविवार न वापरलेल्या पुराव्यांची यादी वाचली होती. पोलिसांनी गोळा केलेलं पण सरकारी वकिलाला नको असलेलं जे काही, ते एका यादीत टाकून बचावाकडे पाठवलं जातं. चारशे पानं. ती कुणी वाचत नाही. वाचण्याची जबाबदारी प्रत्येकावर असते, म्हणून प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने वाचली असेल. दोनशे बाराव्या पानावर एफुआच्या त्या सकाळच्या सगळ्या नोंदी होत्या. कोर्टापुढे आली होती ती फक्त स्परलिंगांची ओळ. तिच्या खालची ओळ कुणी पाहिलीच नव्हती. सात एकोणतीस, स्परलिंग, लेटन, निघाली. सात एकतीस, मिसेस प्रॅट, चिंगफर्ड, आली.

दोन मिनिटांत चार मैल.

पोलिसांत दोन निरीक्षक, सरकारी बाजूला दोन वकील, इकडे रेशमी गाऊन. त्यांच्यापैकी एकही माणूस उभ्या आयुष्यात लेटनहून चिंगफर्डला सत्त्याण्णव नंबरच्या बसने गेला नसावा. जाणं सोडा, अशी बस असते आणि तिच्यात सकाळी सातला बायका उभ्या असतात, हेच त्यांना ठाऊक नसावं. जेमाला पाहता क्षणी कळलं. तिची आई अशीच उभी असायची. तेव्हा कोड नव्हते, सहीचे कागद होते. आई म्हाताऱ्यांच्या सह्या आठवड्याच्या आठवड्याला एकदम घेऊन ठेवायची आणि बसमध्ये वेळा भरायची. कारण एजन्सी वाटेतला वेळ धरतच नाही. एक बाई साडेसातला इथून निघते आणि साडेसातलाच तिथे पोचते, हे कागदावर सगळ्यांना सोयीचं असतं. अशी किमया फक्त देवाला जमते, आणि तोही ती एजन्सीसाठी करत नाही.

यादीत आणखी एक ओळ होती. 'आरोपीच्या पिशवीतील निळी फाइल, किरकोळ कागद.' उघडून कुणी पाहिली नव्हती.

"सर, ती लवकर निघाली असणार. या बायका कोडची झेरॉक्स जवळ ठेवतात."

पेनरडॉकनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "अशील म्हणते, साडेसातपर्यंत होते. आपण अशिलाच्या तोंडात आपले शब्द घालत नाही. हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं असेल."

शिकवलं होतं, आणि ते खरंही होतं. वकिलाने अशिलाला गोष्ट रचून द्यायची नाही, नुसती सुचवायचीसुद्धा नाही. त्या लोकांचा तो सगळ्यात कडक नियम. तो मोडला तर टोप, गाऊन, सगळं परत. पेनरडॉक तो पाळत होते यात वाद नाही. ज्याला विचारायचंच नाही त्याला नियम पाळणं सोपं जातं.

दुपारच्या सुट्टीत ते क्लबात जेवायला गेले. "कोठडीत उतरलं की कोटाला वास लागतो," म्हणाले. जेमा खटल्याची कागदपत्रं सांभाळणारा सॉलिसिटर ब्रेंडन टली याला घेऊन खाली उतरली. टली हा दमलेला, चांगला माणूस. खिशात कायम अर्धं सँडविच.

एफुआ हात मांडीवर ठेवून बसली होती. ओठ हलत होते. यांना पाहून थांबले.

"चालू द्या तुमची प्रार्थना," जेमा म्हणाली. "आम्ही थांबतो."

"झाली, मॅडम. तीच तीच करते. त्यालाही कंटाळा आला असेल."

जेमाला एकही शब्द आपला घालायचा नव्हता. नुसतं विचारायचं होतं. तिने पान दोनशे बारा एफुआपुढे ठेवलं.

"मिसेस बोआतेंग, स्परलिंगांच्या घराहून मिसेस प्रॅटकडे तुम्ही कशा जाता?"

"बसने. सत्त्याण्णव."

"किती वेळ लागतो?"

"पंचवीस मिनिटं. शाळा सुरू असल्या तर जास्त."

"या दोन ओळी वाचा. वेळा वाचा."

एफुआने वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग कागद उलटा करून ठेवला, जणू तो उघडा असणं बरं नव्हे.

टलीने हातातलं सँडविच परत खिशात घातलं.

"मला आणखी काही विचारता येत नाही," जेमा म्हणाली. "तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा. नसेल तर नका सांगू."

"सात वाजून पाच मिनिटांनी निघाले मी," एफुआ म्हणाली. "बसमध्ये टिपलं. फाइलीत सगळ्यांचे कोड आहेत, तेरा घरांचे. एजन्सीच्या लोरेनबाईंनीच पहिल्या दिवशी काढून दिले. म्हणाल्या, सोपं पडतं. आणि हेही म्हणाल्या, कुठे बोललीस तर तुझा व्हिसा आमच्या हातात आहे हे विसरू नकोस."

"मग पोलिसांना—" टलीने सुरुवात केली.

"व्हिसाची भीती होती. पहिल्या दिवशी तीच होती." ती आता जेमाकडे पाहत नव्हती. "नंतर ती गेली. नंतर नुसतं वाटायला लागलं, मी होतेच तिथे. म्हातारबाने चहा मागितला होता, मॅडम. मी म्हटलं, उद्या देते, बस चुकेल. चहाला चार मिनिटं लागतात. मी थांबले असते तर जो कोणी आला तो मला पाहून परत गेला असता. मी निघून गेले हे बोलायला माझी जीभ उचलत नाही. त्यापेक्षा होते म्हटलेलं बरं."

टलीने सगळं लिहून घेतलं, तिची सही घेतली आणि निळी फाइल मिळवायला पोलिसांकडे पळाला. पन्नाशीचा तो माणूस जिना चढताना दोनदा अडखळला.

दोन वाजून पाच मिनिटांनी पेनरडॉक आले ते वाइनचा वास घेऊन. साक्षीला एजन्सीची व्यवस्थापक लोरेन स्टॅग उभी होती. जेमाने चिठ्ठी लिहिली. 'अशिलाने म्हणणं बदललं आहे. लेखी आहे, सही आहे. सात पाचला निघाली. साक्षीदाराला कोडबद्दल विचारा.' चिठ्ठी पेल्याखाली गेली. तिने दुसरी लिहिली. दुसरी पहिलीवर गेली. पेला आता जरा तिरका उभा होता.

सरकारी वकिलाचे प्रश्न संपले. लोरेनबाईंनी ज्यूरीकडे वळून सांगितलं की एजन्सीची पद्धत अगदी चोख आहे, बाई घरात असल्याशिवाय नोंद होऊच शकत नाही.

पेनरडॉक उठले. "मायलेडी, या साक्षीदाराला माझे काही—"

जेमाने त्यांचा गाऊन ओढला.

ओढायची पद्धत आहे. मागून हळूच एक झटका, म्हणजे पुढचा वाकून ऐकतो. जेमाने तसाच ओढला. पेनरडॉकनी माशी हाकलावी तसा हात मागे केला. "—माझे काही प्रश्न—"

शिकाऊ मुलगी दुसऱ्यांदा ओढत नाही. कुणी ओढल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. जेमाला तेव्हा मतदानाची संध्याकाळ दिसली, शेरीचे पेले दिसले. आणि पिंजऱ्यात काचेमागे बसलेली ती बाई दिसली, जिने चार मिनिटांच्या चहासाठी जन्मठेप पत्करली होती. तिने दोन्ही हातांनी ओढला. रेशीम गुळगुळीत असतं. गाऊन डाव्या खांद्यावरून घसरला, शिवण टर्रकन उसवली, आणि राजाचे वकील अर्धे उघडे पडून मागच्या बाकावर बसता बसता राहिले. पेला कलंडला. पाणी सगळ्या चिठ्ठ्यांवरून वाहत सरकारी वकिलाच्या मांडीवर गेलं.

ज्यूरीतल्या एका बाईने तोंडावर हात धरला.

न्यायाधीश कॅटरमोलबाई कोरड्या स्वभावाच्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मिस्टर पेनरडॉक, तुमच्या मागच्या मुलीला काहीतरी सांगायचं आहे असं दिसतं."

"माफ करा, मायलेडी. मिस ओकरॉइड जरा उतावीळ आहेत."

"तसं असेल तर ऐकून घ्या. नाहीतर आता उरलेला गाऊनही जायचा."

तेवढ्यात दार ढकलून टली धापा टाकत आला, हातात निळी फाइल. पेनरडॉक वाकले. "मूर्ख मुली, काय आहे?" जेमाने तीन वाक्यांत सांगितलं आणि अशिलाचा सही केलेला कागद हातात दिला.

एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या माणसाला कागद वाचायचा कंटाळा असेल, पण नाटक कळायचं. आपल्या हातात काय आलंय हे त्याला एका श्वासात समजलं. त्याने गाऊन सावरला, फाइल उघडली आणि आवाज बाहेर काढला.

"मिसेस स्टॅग. तुमचा फोन आहे जवळ? मायलेडींची परवानगी असेल तर तो चालू करता का? एजन्सीचं ॲप उघडा. आता हा कागद टिपा."

लोरेनबाईंनी कागद पाहिला आणि रंग उतरला. "हे... हे कुठून..."

"टिपा, बाई."

टिपला. फोनने घंटी वाजवली आणि त्या शांत कोर्टात गोड आवाजात बोलला, "भेट सुरू झाली. सुप्रभात, मिस्टर स्परलिंग!"

"मिस्टर स्परलिंग या कोर्टात आहेत का, मिसेस स्टॅग?"

"नाहीत."

"कुठे आहेत?"

"वारले. अकरा महिने झाले."

"अकरा महिने. आणि तुमच्या चोख पद्धतीप्रमाणे आत्ता त्यांची अंघोळ सुरू आहे."

पुढचं सगळं उतारावरून गाडी सुटावी तसं झालं. दोन मिनिटांत चार मैलांची ओळ वाचली गेली. हे कोड कुणी काढून दिले, यावर लोरेनबाईंना पाणी लागलं, पण पाणी सांडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी एफुआ स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि चहाचं सांगितलं, तो ठोकळा रोज आपणच दाराला लावायचो हेही. आवाज चढवला नाही. ज्यूरीला दीड तास पुरला. निर्दोष.

(कीथला त्यानंतर दोन महिन्यांनी पोलिसांनी खुनाच्या आरोपाखाली उचललं. अंगठी त्यानेच विकली होती. नवा टाय कुठून आला होता हे तेव्हा कळलं.)

बाहेर पायऱ्यांवर पेनरडॉक पत्रकारांना सांगत होते, "यादीचं प्रत्येक पान वाचावं लागतं. मी नेहमी म्हणतो." त्यांची सॅमनची गाडी चुकली नाही. बाजूच्या छोट्या दारातून एफुआ आली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत तिचे कपडे. तिने जेमाचे दोन्ही हात धरले.

"मॅडम, मिसेस प्रॅटकडे आता कोण जातं? त्यांना डाव्या बाजूवर निजवायचं नसतं."

टली म्हणाला, तो चौकशी करेल. आणि त्याने केलीही. एफुआला नवी नोकरी आणि नवा व्हिसा मिळेपर्यंत सगळे अर्ज त्याने फुकट लिहिले. अशी माणसं आहेत म्हणून देवाचं या शहरावर अजून लक्ष आहे, नाहीतर रेशमी गाऊनवाल्यांच्या भरवशावर त्याने ते कधीच काढून घेतलं असतं.

चेंबरची बैठक तीन आठवड्यांनी झाली. चेंबर खऱ्या अर्थाने चालवतो तो मुख्य कारकून, डेस. त्याचा बापही इथेच कारकून होता. तोच जेमाला निकाल सांगायला खाली आला.

"नाही घेतलं तुला, पोरी. सव्वीस विरुद्ध एकवीस."

"कारण?"

"तारतम्य नाही म्हणे. आपल्या ज्येष्ठावर हात टाकला. त्या पेनरडॉक सरांनी तर असं सांगितलं की तू त्यांचा खून करायला निघाली होतीस." डेसने दारापाशी ठेवलेली गाऊनची पिशवी दाखवली. "शिवायला टाकायचाय. शिंपी म्हणाला, तीस वर्षांत असा फाटलेला पाहिला नाही. लीड्समध्ये माझा मेहुणा एका चेंबरचा कारकून आहे. त्याला फोन केलाय. त्याने पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? 'तीच का, गाऊन ओढणारी?' म्हटलं, तीच. म्हणाला, सोमवारी पाठव."

लीड्समध्ये ती अजून आहे. साध्या सुती गाऊनची वकील. चोऱ्या, मारामाऱ्या, कधीमधी खून. रेशीम तिने मागितलं नाही, कुणी देऊही केलं नाही. पेनरडॉक मेजवान्यांमधून त्या घंटी वाजवणाऱ्या फोनची गोष्ट सांगत असतात असं तिच्या कानावर येतं. त्या गोष्टीत मागचा बाक नसतो. ऐकून तिला राग येत नाही. गंमत वाटते, की एवढा मोठा माणूस आणि गोष्ट ती एकच.

निकालाच्या त्या संध्याकाळी मात्र तिने चेंबरजवळच्या टेम्पल नावाच्या वकिलांच्या वस्तीत बागेतल्या बाकावर बसून आईला फोन लावला होता. चेंबरने नाकारलं हे सांगताना ती रडली. गाऊन कसा ओढला तेही सांगितलं.

पॉलीनने सगळं ऐकून घेतलं. मागे किटली शिटी घालत होती.

"आणि ती बाई सुटली?"

"सुटली."

"मग रडतेस कशाला, येडे? इकडे ये. चहा टाकते." मग तिने विचारलं, "बऱ्यापैकी फाटला ना?"

"खांद्यापासून कमरेपर्यंत, आई."

"हं," पॉलीन म्हणाली, आणि तिच्या आवाजात रविवारच्या चॅपलमधलं समाधान होतं.